रात्री अडीचची जाग, गोळी आणि अर्धवट राहिलेली रोझरी: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: ताई, माझं वय 71. मिस्टरांना जाऊन दोन वर्षं होतील. मुलगा लांब असतो, फोन रोज करतो, तशी कमी कशाचीच नाही. पण रात्री साडेनऊला पडते, अकराला कशीबशी झोप लागते आणि अडीच वाजले की टक्क जागी. मग छातीत धडधड, मुलाची नोकरी, माझं गुडघ्याचं ऑपरेशन, मला रात्री काही झालं तर कोणाला कळणार, एकामागून एक चालूच राहतं. प्रभू झोप दे झोप दे अशी प्रार्थना करते पण जेवढी मागते तेवढी ती लांब जाते. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या एक बाई म्हणाल्या की विश्वास पक्का असेल तर अशी काळजी राहीलच कशी. तेव्हापासून झोपेपेक्षा तेच जास्त मनाला लागलंय. देव आपल्या प्रियजनांना झोप देतो असं बायबलमधल्या स्तोत्रात लिहिलंय ना, मग मी त्याला प्रिय नाही का?

उत्तर: काकू, शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करते, कारण तो वाचून जीव गलबलला माझा. 127व्या स्तोत्रातली ती ओळ म्हणजे कोण प्रिय आणि कोण नाही याची परीक्षा नाहीये हो. तिच्या आधीचं वाचा. पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या, कष्टाची भाकर खाणाऱ्या माणसांना ते सांगितलंय, की सगळा भार एकट्याच्या डोक्यावर आहे असं समजू नका. आणि मूळ हिब्रू ओळीचा अर्थ काही अभ्यासक ‘तो आपल्या प्रियजनांना झोपेतही देतो’ असाही लावतात, म्हणजे आपण काहीच करत नसतो, डोळे मिटलेले असतात आणि त्याचं देणं मात्र चालू असतं. मला हा अर्थ फार जवळचा वाटतो.

त्या बाईंचं बोलणं मनातून काढून टाका. वाईट हेतूने बोलल्या नसतील, पण ते खरं नाही. सहाव्या स्तोत्रातला माणूस रात्र रात्र रडून अंथरूण भिजवतो. 77व्या स्तोत्रातला तर थेट देवालाच म्हणतो की तूच माझ्या डोळ्याला डोळा लागू देत नाहीस. बायबलमधला दुःखाने पिचलेला ईयोब पहाटेपर्यंत कूस बदलत तळमळतो. आणि गेथशेमाने बाग आठवा, प्रभूला पकडून नेलं त्या रात्री शिष्य झोपले होते आणि प्रभू येशू जागा होता, व्याकूळ होऊन प्रार्थना करत होता. रात्रीची तळमळ म्हणजे विश्वास कमी, असं असेल तर मग त्याच्याबद्दल काय म्हणायचं आपण?

आता शरीराचं थोडं सांगते, कारण अर्धी भीती माहिती नसल्यामुळेच असते. वय वाढलं की गाढ झोपेचा वाटा कमी होतो, झोप हलकी होते आणि शरीराचं घड्याळही अलीकडे सरकतं, संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग. रात्रीत दोनतीनदा जाग येणं या वयात नॉर्मल आहे, जाग आल्यावर जे सुरू होतं त्याचा त्रास असतो. 65च्या पुढे साधारण 7 ते 8 तास झोप पुरते. तुम्ही साडेनऊला पडता आणि झोप लागते अकराला, म्हणजे दीड तास अंथरुणात काळजीला मोकळं रान. डोळे जड होईपर्यंत पडूच नका, वाजू देत साडेदहा. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा आणि उठल्यावर थोडा वेळ उजेडात बसा. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या वर नको, तीननंतर तर नकोच, आणि चहा कॉफी दुपारनंतर बंद. बीपीसाठी लघवी जास्त होणारी गोळी संध्याकाळी घेत असाल तर तिची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा.

ती धडधड पण दाखवून घ्या, टाळू नका. बहुतेक वेळा ती काळजीचीच असते पण थायरॉइड, रक्त कमी असणं, हृदयाचे ठोके अनियमित पडणं यानेही तसं होतं, एकदा तपासलं की डोक्यातला एक प्रश्न तरी मिटतो. छातीत दुखलं, आडवं पडल्यावर दम लागला तर मात्र सकाळची वाट बघू नका.

आणि आता प्रार्थना. झोप मागू नका असं म्हटलं तर विचित्र वाटेल, पण खरंच काही दिवस मागू नका. झोप दे म्हटलं की मन लगेच बघायला जातं, आली का, आली का, आणि त्या बघण्यानेच जाग वाढते. त्याऐवजी 121वं स्तोत्र घ्या. इस्राएलाचा राखणदार झोपत नाही, डुलकीसुद्धा घेत नाही असं त्यात आहे. तुम्ही अडीच वाजता काय करता, मुलाच्या नोकरीवर पहारा, गुडघ्यावर पहारा, स्वतःच्या श्वासावर पहारा. त्या पहाऱ्यावर कोणीतरी आधीच उभं आहे काकू. तुम्ही फक्त तो त्याच्या हवाली करायचा, प्रभू माझी पाळी संपली, आता तू बघ, एवढंच म्हणायचं, मग झोप लागो न लागो.

माझी आई शेवटच्या वर्षांत हे कसं करायची ते सांगते. उशाशी एक छोटी वही आणि पेन्सिल, पेन नाही, कारण आडवं पडून लिहिताना पेन मध्येच बंद पडतं. जेवणानंतर खुर्चीत बसून ती दिवसभराच्या काळज्या लिहायची, एका ओळीत एक, आणि पुढे उद्या त्याबद्दल काय करायचं ते दोन शब्दांत, जसं ‘डोळे – डॉक्टरला फोन’. काहींच्या पुढे करण्यासारखं काहीच नसायचं, तिथे नुसता छोटा क्रॉस काढायची. मग पान दुमडून वही बायबलमध्ये ठेवायची आणि वर दोन मिनिटं हात ठेवून बसायची. रात्री जाग आली की अंधारातच हात लांबवून बायबल चाचपायची, आहे ना, मग झालं. गंमत म्हणजे 2018 साली अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात तरुण मुलांवर प्रयोग झाला, झोपायच्या आधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. आई तर त्याच्या कितीतरी आधीपासून हे करायची.

जाग आल्यावर मोठी प्रार्थना नको, एक ओळ पुरे. 31व्या स्तोत्रातली ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो’ ही ओळ प्रभूने वधस्तंभावर शेवटी म्हटली आणि चर्चच्या रात्रीच्या प्रार्थनेत ती शतकानुशतकं म्हटली जाते. श्वास घेताना ‘हे प्रभू’, सोडताना सावकाश ‘तुझ्या हाती’. सोडायचा श्वास लांब हवा. इटलीतल्या संशोधकांनी 2001 मध्ये रोझरीची, म्हणजे मण्यांच्या माळेवर म्हणायची, लॅटिन प्रार्थना म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला तर तो आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येत होता, आणि एवढ्या संथ श्वासाने हृदयाच्या ठोक्यांनाही एक शांत लय येते.

वीसेक मिनिटांत झोप नाही आली (अंदाजानेच, घड्याळ भिंतीकडे वळवून ठेवा) तर उठून खुर्चीत बसा, दिवा मंद, मोबाइल नको. त्या वेळी जागे असलेल्या लोकांसाठी प्रार्थना करा, रात्रपाळीच्या नर्स, तान्ह्या बाळाची आई, तुमच्यासारखीच नुकतीच एकटी पडलेली एखादी बाई. डोळे मिटायला लागले की परत अंथरुणात.

रात्री काही झालं तर कोणाला कळणार, ही भीती मात्र नुसत्या प्रार्थनेवर सोडू नका, तिची व्यवस्था करा. फोन हाताला लागेल असा ठेवा, विश्वासातल्या शेजाऱ्याकडे एक किल्ली द्या, आणि मुलाशी सकाळची फोनची वेळ ठरवा, त्या वेळेला तुम्ही उचलला नाही तर त्याने लगेच कोणाला तरी घरी पाठवायचं. आणि दोन वर्षांनंतरही मिस्टरांची आठवण रात्रीच जास्त येते, बाजूची जागा रिकामी असते ना. ते रडू येऊ द्या, ते काळजीत मोजू नका.

प्रश्न: वय 66. बरीच वर्षं झोपेची गोळी घेतोय. परवा प्रवचन ऐकल्यापासून वाटतंय की ही गोळी म्हणजे देवावर अविश्वासच. आजपासून बंद करू का?

उत्तर: दादा, आजपासून अजिबात नको. बरीच वर्षं घेतलेली अशी गोळी एकदम बंद केली तर झोप पार उडते, हातपाय थरथरतात, काही गोळ्यांच्या बाबतीत फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांना सांगून आठवड्या आठवड्याने थोडी थोडी कमी करतात. कमी करण्याचा विचार मात्र चांगला आहे, कारण या वयात त्या गोळ्यांनी तोल जाऊन पडण्याची आणि विसरायला होण्याची भीती असते. कायमच्या निद्रानाशावर गोळीच्या आधी सीबीटी-आय नावाची, झोपेच्या सवयी आणि विचार बदलणारी थेरपी करावी असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2016 मध्येच सांगितलंय, तिच्याबद्दल विचारा. जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकणं असं घरच्यांनी पाहिलं असेल तर तेही सांगा.

अविश्वासाचं म्हणाल तर बायबलमधला संदेष्टा एलीया आठवा, थकून झुडपाखाली पडला आणि मला आता मरण दे म्हणाला. देवाने त्याला प्रवचन नाही दिलं, झोपू दिलं, दूताकडून भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं, बोलणं त्यानंतर. शरीराची काळजी घेणं त्याला कमीपणाचं वाटलं नाही. आणि एलीयासारखं मरणाचं कधी मनात येत असेल तर ते एकट्याने वाहू नका, आजच घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

प्रश्न: मी 74 वर्षांची. रात्री रोझरी म्हणता म्हणता दुसऱ्या तिसऱ्या दशकातच (दहा मण्यांच्या गटातच) झोप लागते, सकाळी फार अपराधी वाटतं. पाप आहे का हे?

उत्तर: नाही हो आजी, मुळीच नाही. लेकरू आईशी बोलता बोलता तिच्या कुशीत झोपलं तर ती त्याला उठवून वाक्य पूर्ण कर म्हणत नाही. वादळात होडी हेलकावत होती तरी प्रभू मागच्या बाजूला झोपला होता, आणि उशीवर डोकं ठेवून, हे शुभवर्तमान लिहिणाऱ्यांपैकी एकटा मार्क आवर्जून सांगतो. मनाला लागतच असेल तर पूर्ण रोझरी संध्याकाळी खुर्चीत बसून म्हणा आणि अंथरुणात जेवढी होईल तेवढी. माळ मात्र झोप यायला लागली की उशीखाली सरकवा, हातातून खाली पडली तर रात्री बाथरूमला उठताना पायात येते.