मॉडर्न डान्सच्या प्रयोगात नाट्यमय क्षण नेमका कसा पकडायचा? वेगवान कॅमेरा घेऊन फरक पडेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: फारसा नाही. सेकंदाला 20 फ्रेम काढणारा कॅमेरा घेतलात, तरी दोन फ्रेममध्ये 50 मिलिसेकंद जातात. जोरात फेकलेला हात सेकंदाला 5 मीटर सहज जातो, म्हणजे दोन फोटोंच्या मधे तो 25 सेंटिमीटर पुढे निघून गेलेला असतो. तुम्हाला हवा तो क्षण बरोब्बर त्या फटीत पडतो. वर घरी आल्यावर तीन-चार हजार फोटो चाळत बसायचं, आणि त्यातले बहुतेक 'जवळजवळ चांगले'. हे जवळजवळ चांगले फोटो फार छळतात. ठेवावेसे वाटत नाहीत, टाकवतही नाहीत.

मी बरीच वर्षं रंगमंचावरच्या नाचाचे फोटो काढतोय. सुरुवातीला मीही उड्यांच्या मागे होतो. खरं तर उडी हा सगळ्यात सोपा फोटो. 45 सेंटिमीटरची उडी घेतली तर शरीर साधारण 0.6 सेकंद हवेत असतं, आणि त्यातला निम्मा वेळ ते उडीच्या वरच्या पाव उंचीतच रेंगाळतं. डोळ्याला ती तरंगल्यासारखी दिसते ती यामुळेच. म्हणजे टोकाला तुमच्या हाताशी 0.3 सेकंद आहेत. पाय जमिनीवरून सुटताना बटण दाबलंत तर आपल्या प्रतिक्रियेला लागणारा पाव सेकंद धरूनही उडी सापडते. चार प्रयोगांत जमायला लागतं.

पण मॉडर्न डान्समध्ये नाट्य बहुतेक वेळा तिथे नसतंच. बॅलेने शरीर जमिनीपासून वर न्यायचा ध्यास घेतला, तर या मंडळींनी जमिनीशी आणि स्वतःच्या वजनाशी नातं जोडलं. मॉडर्न डान्स घडवणाऱ्या नर्तिकांपैकी एक, मार्था ग्रॅहम, हिच्या तंत्राचा पाया कॉन्ट्रॅक्शन आणि रिलीज, म्हणजे श्वास सोडताना ओटीपोटापासून आत ओढलं जाणारं धड आणि श्वास घेताना त्याचं उलगडणं. तिच्याच काळातल्या डोरिस हंफ्रीने सगळी मांडणी तोल जाणं आणि सावरणं यावर केली. हे एकदा डोक्यात बसलं की डोळा आपोआप हातापायांच्या टोकांवरून उठून बरगड्यांवर आणि पोटावर येतो. तिथे हालचाल आधी सुरू होते, हात नंतर पोचतो. तुम्ही हात बघून बटण दाबत असाल तर कायम उशीरच होणार.

संगीतावरही विसंबू नका. आपल्या कानाला समेची वाट बघायची सवय असते आणि बोट आपसूक ठोक्यावर पडतं. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमने तर नाच आणि संगीत एकमेकांपासून स्वतंत्रच रचले. दोन्ही एका वेळी, एका जागी घडतात, इतकाच संबंध. अशा रचनेत ठोक्यावर काढलेला फोटो म्हणजे निव्वळ नशीब. आज ही रीत बऱ्याच नृत्यरचनाकारांकडे थोड्याफार प्रमाणात दिसते.

एक प्रसंग सांगतो. एकटीचा नाच होता, मागे काळा पडदा, डावीकडच्या विंगेतून कमरेच्या उंचीवरून येणारा एकच प्रकाश. ती सात वेळा पडायची. रंगीत तालमीत मी ते सातही वेळा हुकवलं. फोटोत ती एकतर नुसती उभी, नाहीतर सरळ आडवी. मग कॅमेरा खाली ठेवला आणि दिग्दर्शिकेने तो भाग पुन्हा घेतला तेव्हा फक्त बघत बसलो. दिसलं ते असं: पडायच्या आधी दर वेळी तिच्या उजव्या पायाची बोटं पसरायची, जमीन पकडल्यासारखी. मग टाच किंचित उचलायची, आणि त्यानंतर एक क्षण असा, की वजन पायाच्या बाहेर गेलंय पण गुडघा अजून दुमडलेला नाही. तोल गेला हे शरीराला कळलंय, चेहऱ्याला अजून कळायचंय. प्रयोगाच्या दिवशी मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, बोटं पसरायची वाट बघितली. सातपैकी तीन फोटो मिळाले. माझ्या दृष्टीने हे प्रमाण उत्तम आहे.

म्हणून माझा पहिला आग्रह रंगीत तालमीचा. परवानगी मागा, आणि निम्मा वेळ कॅमेरा मांडीवर ठेवा. कोण कुठून येतं, अंधार कधी होतो, शांतता किती टिकते, एवढं मनात टिपलं तरी पुरे. लांबलेली शांतता बहुधा काहीतरी घडायच्या आधीच येते.

आता उजेड. कॅमेऱ्याला स्वयंचलित सोडलंत तर तो एवढा काळा रंगमंच बघून घाबरतो आणि सगळं उजळवून टाकतो. काळा पडदा राखाडी होतो आणि चेहरा पांढराफटक. सगळं मॅन्युअलवर ठेवा आणि मोजणी उजेडातल्या त्वचेवर करा. माझी सुरुवात एफ/2.8 (लेन्सचं छिद्र), 1/500 सेकंद शटर आणि आयएसओ 3200 (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) इथून होते, मग प्रकाशयोजनेप्रमाणे वरखाली. 1/500 ला तोच सेकंदाला 5 मीटरने जाणारा हात एक सेंटिमीटर सरकतो. प्रेक्षकांच्या रांगेतून काढलेल्या फोटोत तेवढी धूसरता खटकत नाही, उलट थोडी जिवंत वाटते. सावल्या काळ्या राहिल्या तर राहू द्या. बाजूने येणारा प्रकाश शरीराला शिल्पासारखा कोरतो. जीन रोझेंथालने ग्रॅहमच्या रचनांसाठी वर्षानुवर्षं प्रकाशयोजना केली, आणि बाजूच्या प्रकाशाची नाचातली ताकद तिने दाखवून दिली. संगणकावर सावल्या उपसून काढल्या की त्या कामावर आपण पाणी फिरवतो.

निळ्या आणि लाल एलईडीपासून मात्र जपा. कॅमेऱ्यातला उजेडाचा एकूण आलेख (हिस्टोग्राम) ठीक दिसतो आणि एकच रंग पार जळून गेलेला असतो, त्वचेचा पोत कायमचा गायब. आलेख तिन्ही रंगांचे वेगवेगळे बघा आणि फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपातच ठेवा. एलईडीचं आणखी एक दुखणं म्हणजे कॅमेऱ्याच्या निःशब्द शटरवर फोटोत आडवे पट्टे येतात, कारण ते दिवे डोळ्याला न कळेल इतक्या वेगाने चालू-बंद होत असतात. निःशब्द शटर तर हवंच, कारण नेमक्या त्या शांततेत खटक् आवाज झाला की पुढची अख्खी रांग वळून बघते. तालमीतच वेगवेगळ्या शटरवर पाच-दहा फोटो काढून कुठे पट्टे नाहीत ते शोधून ठेवा.

बसायला पहिली रांग घेऊ नका. मॉडर्न डान्समध्ये अर्धं काम जमिनीवर चालतं आणि पुढून रंगमंचाची कड नेमकी पावलं कापते. थोडं मागे, थोडं उंच, मधोमध. 70-200 मिलिमीटरची झूम लेन्स पुरते, पण सारखं 200 वर राहायचा मोह टाळा. पडणाऱ्या माणसाचा फोटो तेव्हाच जमतो, जेव्हा तो ज्या रिकाम्या जागेत पडणार आहे ती जागाही चौकटीत असते.

आणि तुलना कोणाशी करताय तेही बघा. बार्बरा मॉर्गनने 1940 मध्ये काढलेला ग्रॅहमचा तो प्रसिद्ध फोटो, कमरेत वाकलेली ती आणि वर उसळलेला झगा, प्रयोग चालू असताना टिपलेला नाही. तो कॅमेऱ्यासाठी मुद्दाम करून घेतलेला आहे. छायाचित्रकार लोइस ग्रीनफिल्डच्या फोटोंतले हवेतले नर्तक बहुतांशी स्टुडिओतले, फ्लॅशच्या उजेडातले. ते फोटो थोरच आहेत, पण अंधाऱ्या प्रेक्षागृहात बसून तसला फोटो निघत नाही म्हणून खंतावू नका. त्यापेक्षा अलेक्सी ब्रोडोविच बघा. 1935 ते 1937 च्या सुमारास त्याने छोटा कॅमेरा घेऊन, फ्लॅश न वापरता बॅलेचे फोटो काढले. फरपटलेले, दाणेदार, दिव्यांचे डाग पडलेले, आणि तरी त्यांत नाच आहे. एखाद्या प्रयोगाला शेवटची दहा मिनिटं 1/15 सेकंदाच्या संथ शटरवर काढून बघा. बहुतेक फोटो वाया जातील. मी तरीही करतो.

निवड करताना शक्य असेल तर नर्तकांना सोबत घ्या. वर सांगितलेल्या त्या तीन फोटोंपैकी माझा लाडका फोटो त्या पडणाऱ्या नर्तकीने एका नजरेत बाजूला केला: "इथे मी खरंच घसरले होते." तिने निवडला तो मी रद्दीत टाकलेला. चेहरा केसांनी झाकलेला, एक हात चौकटीबाहेर. तिच्या मते कॉन्ट्रॅक्शन फक्त त्यातच पूर्ण दिसत होतं. दोन दिवसांनी मलाही ते दिसायला लागलं.

जाता जाता, आजच मेनूत जाऊन फोकसला मदत करणारा तो लाल दिवा बंद करून टाका. माझ्या दुसऱ्याच प्रयोगात, पूर्ण अंधारात एकट्या उभ्या असलेल्या नर्तकाच्या छातीवर तो लाल चौकोन पडला होता. प्रेक्षकांना वाटलं, प्रकाशयोजनेचाच भाग आहे. प्रकाशयोजनाकाराला तसं वाटलं नाही.