पहिल्यांदा अटलांटिक ओलांडताना

फ्लाइट सिम्युलेटरमध्ये अटलांटिक ओलांडायचा असेल, तर पहिल्याच फटक्यात लंडन–न्यूयॉर्क नको. आयर्लंडमधलं शॅनन ते कॅनडातलं गँडर घे. साधारण १७०० सागरी मैल, चारेक तासांत आटोपतं आणि समुद्रावरची सगळी गंमत त्यात येते.

कुणाचा तरी जुना मार्ग उचलू नकोस. अटलांटिकवरचे ट्रॅक, म्हणजे विमानांचे ठरवून दिलेले मार्ग, जेट स्ट्रीम (उंचावरचे वेगवान वारे) बघून रोज नव्याने आखतात, दिवसा पश्चिमेकडचे आणि रात्री पूर्वेकडचे. सिमब्रीफ ही उड्डाण आखून देणारी वेबसाइट ताजा मार्ग देते, पण इंधनाचा आकडा डोळे मिटून मान्य करू नकोस. पश्चिमेला जाताना वारा तोंडावर असतो. आइसलँडमधलं केफ्लाविक किंवा अझोरेस बेटांवरचं लाजेस पर्यायी विमानतळ म्हणून हाताशी ठेव, एक इंजिन बंद पडलं तर तिथवर पोचता आलं पाहिजे.

खरी गोम एफएमसीमध्ये, म्हणजे विमानाच्या मार्ग सांभाळणाऱ्या संगणकात, मार्गावरचे बिंदू भरताना असते. ५३ अंश उत्तर, ३० अंश पश्चिम हा बिंदू ‘५३३०एन’ असा लिहितात. तोच एन चुकून मध्ये टाकलास, ‘५३एन३०’, तर त्याचा अर्थ १३० पश्चिम होतो, म्हणजे थेट कॅनडाचा पश्चिम किनारा! संगणक बिचारा निमूटपणे स्वीकारतो. म्हणून प्रत्येक टप्प्याचं अंतर बघ. या अक्षांशावर दहा रेखांशांना ३६० मैलांच्या आसपास यायला हवं. हजारांत आकडा दिसला की समजायचं.

सुरुवातीला विमान जड असतं, तेव्हा लगेच ३९,००० फुटांचा हट्ट नको. इंधन जळेल तसं टप्प्याटप्प्याने वर चढ. आणि समुद्रावर सिम्युलेटरचा वेळ चारपट वेगाने पळवलास तरी वळणाच्या बिंदूआधी तो वेग कमी कर, नाहीतर ऑटोपायलट हेलकावे खातो.