नाग नदीचे पाणी आणि समुद्राचे मापदंड

प्रश्न : आमच्या नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळते, मग पोषकद्रव्यांच्या प्रदूषणाचे मापदंड नदीसाठी आणि समुद्रासाठी एकच का नसावेत?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : पोषकद्रव्ये म्हणजे मुख्यतः नायट्रोजन आणि फॉस्फरस; ती वाढली की पाण्यात शेवाळ फोफावते. गोड्या पाण्यातील शेवाळाच्या वाढीला बहुधा फॉस्फरसचा तुटवडा आवर घालतो, तर किनारी समुद्रात बहुतेक वेळा नायट्रोजनचा, त्यामुळे नदीला पुरेशी ठरणारी नायट्रोजनची मर्यादा समुद्राला अपुरी पडू शकते. खरी गुंतागुंत मात्र मोजणीत आहे. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची (नायट्रोजनच्या एका संयुगाची) भारतीय मानकाची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आणि अमेरिकेची १० मिलिग्रॅम, हे वाचून कोणीही दचकेल. वस्तुतः पहिला आकडा संपूर्ण नायट्रेटचा आणि दुसरा त्यातील केवळ नायट्रोजनचा असल्याने दोन्ही जवळजवळ सारखेच आहेत. समुद्राबाबत तर कोणी हिवाळ्यातील विरघळलेला नायट्रोजन पाहतो, कोणी शेवाळाचे प्रमाण दाखवणारे उन्हाळ्यातील हरितद्रव्य. म्हणून आधी मोजण्याची रीत एकसारखी व्हावी, आकड्यांचा आग्रह नंतर धरावा, असे मला वाटते. बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांनी १९७४च्या हेलसिंकी करारातून सामाईक चौकट उभारली. तरीही तेथील प्रत्येक उपखोऱ्याची उद्दिष्टे निराळी आहेत, कारण पाण्याचा खारेपणाच जागोजागी बदलतो.