गर्दी नसलेले, दुर्गम डोंगरातले रस्ते रोड सायकलसाठी कसे निवडायचे? (सरासरी चढ ६-७ टक्क्यांपेक्षा जास्त नको)

कंसातलं ते वाक्य नसतं तर मी या प्रश्नाच्या वाटेला गेलो नसतो. 'सरासरी चढ' (एक टक्का म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर) या दोन शब्दांवरून माझं एका माणसाशी सहा वर्षं वाजलेलं आहे.

आमच्या सायकल ग्रुपमध्ये रूट आखायचं काम एका गृहस्थाकडे असायचं. नाव नको, मित्रच आहे. आकड्यांचा भारी नाद. एकदा त्याने एक घाट शोधून काढला. "नऊ किलोमीटर, सरासरी साडेसहा टक्के, गाडी एक नाही, तासाभरात वर." मी नकाशा मागितला तर म्हणाला, "नकाशा कशाला, अ‍ॅपवर आहे की सगळं." वर निघताना माझ्या मागच्या चाकाकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाला, "ही कॅसेट आहे की पिठाची गिरणी?" कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच; मागची चकती जितकी मोठी तितकं पॅडल हलकं. माझी ११-३४ होती, म्हणजे सगळ्यात लहान चकती ११ दातांची आणि सगळ्यात मोठी ३४ दातांची, त्याची ११-२५. पुढची छोटी चकती दोघांचीही ३४ दातांचीच.

पहिले चार किलोमीटर चार टक्क्यांचे. सगळे गप्पा मारत चाललेले. मग दोन किलोमीटर एका ओढ्याच्या काठाने जवळपास सपाट, एके ठिकाणी तर चक्क उतार. तिथे तो मागे वळून मला म्हणाला, "बघ." त्यानंतर एक मोरी आली आणि मोरीनंतर रस्ता भिंतीसारखा उभा राहिला. शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये साडेचारशे मीटर. म्हणजे सलग पंधरा टक्के, वळणांच्या आतल्या कडेला त्याहूनही जास्त. नऊ किलोमीटरांची सरासरी काढा, साडेसहाच येते. गणित बरोबर होतं, घाट वेगळाच होता.

माझ्या सगळ्यात हलक्या गिअरमध्ये पॅडलच्या एका फेरीला चाकाची एक फेरी होते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. माणूस चालतो त्याच्या दीडपट, पण पाय फिरत राहतात. त्याच्या ३४-२५ वर (पुढे ३४ दात, मागे २५) तेवढ्याच फेऱ्या ठेवायच्या तर ३६ टक्के जास्त ताकद लागते, कारण उभ्या चढावर वेग वाढवला की लागणारी ताकद जवळजवळ त्याच पटीत वाढते. ती नसेल तर फेऱ्या कमी होतात, सगळा भार गुडघ्यांवर येतो, मग नागमोडी चालवणं, मग पॅडलमध्ये अडकवलेली बुटाची क्लीट सोडवून उतरणं. तिसऱ्या वळणावर मी मागे पाहिलं तर तो उतरून सायकल ढकलत होता, बुटांच्या क्लीट रस्त्यावर टकटक वाजत होत्या. मी वर पोचलो, बसूनच. आनंद झाला, खोटं का बोला.

तर तुमच्या प्रश्नाकडे. सरासरी चढ हा आकडा फेकून द्या. इटलीतला स्टेल्व्हिओ घाट प्रातो गावाकडून चोवीस किलोमीटर आणि अठराशे मीटर चढ, सरासरी साडेसातच्या आसपास. स्कॉटलंडमधला ब्यालाख ना बा समुद्रसपाटीवरून ६२६ मीटरपर्यंत चढतो, साधारण नऊ किलोमीटरमध्ये. सरासरी सातच. कागदावर दोघं भाऊ-भाऊ. पण स्टेल्व्हिओ १८२० ते १८२५ मध्ये घोडागाड्या जाव्यात म्हणून बांधला, म्हणून ४८ वळणं घेत चढ एकसारखा राखलाय. ब्यालाख ना बा म्हणजे गेलिक भाषेत 'गुरांची खिंड'. गुरांना चाकं नसतात. ती वाट चढाची पर्वा न करता वर गेली आणि रस्ता तिच्याच मागे गेला, त्यामुळे वरच्या भागात चढ वीस टक्क्यांपर्यंत जातो. वेल्समध्ये आबरग्वेसिन ते ट्रेगारॉन हा असाच गुरं हाकायचा जुना मार्ग आहे, त्यावर २५ टक्क्यांचा तुकडा आहे. रस्ता कोणासाठी काढला होता हे कळलं की चढाचा स्वभाव कळतो. तोफा, बैलगाड्या, टपाल यांच्यासाठी काढलेले जुने रस्ते लांब पण सोसवणारे. पायवाटेवर नंतर डांबर ओतलं असेल तर जपून.

हे कसं कळणार? समोच्चरेषांचा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा घ्या, १:५०,०००चा. एक सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. दोन रेषांमध्ये वीस मीटर उंचीचं अंतर असेल आणि रस्त्याच्या एका सेंटीमीटरमध्ये तुम्ही तीन रेषा ओलांडत असाल तर बारा टक्के झाले. चार ओलांडल्या तर सोळा. अंगठा ठेवून मोजता येतं. अ‍ॅपमधली उंची बहुतेक वेळा आकाशातून केलेल्या मोजणीतून येते, त्यात जमिनीच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला एकच उंची दिलेली असते. चौकटीत अर्धा कडा आणि अर्धी दरी आली की रस्ता तिसऱ्याच उंचीवर दिसतो. पूल आणि बोगद्यांच्या जागी नसलेले चढ उगवतात. मग हे खड्डे-उंचवटे झाकायला आलेख गुळगुळीत करतात, त्यात खरे उभे तुकडेही पुसले जातात. अ‍ॅप वापरा, मीही वापरतो, पण चढासाठी नाही.

आता गर्दी. रस्ता रिकामा दिसला की आधी विचारा, रिकामा का? वाहतूक दुसरीकडे वळलीय म्हणून रिकामा असेल तर ते सोनं. स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड घाटाखालचा मोटार बोगदा १९८० साली सुरू झाला, आता वरच्या जुन्या रस्त्याच्या, ट्रेमोलाच्या, दगडी वळणांवर सायकलवाल्यांचंच राज्य. (दगडी म्हणजे खरंच दगडी. बारीक टायर नेलात तर दात वाजतात.) नकाशावर नवा बोगदा किंवा सरळसोट नवा रस्ता दिसला तर शेजारी जुनी वेडीवाकडी रेघ शोधा, बहुतेक वेळा सापडते. दुसरा प्रकार, पुढे कुठेच न जाणारा रस्ता. धरणाच्या भिंतीपाशी नाहीतर मनोऱ्यापाशी संपणारा. लोक 'परत त्याच वाटेने यायचं?' म्हणून टाळतात. मूर्खपणा आहे. उतरताना तोच रस्ता वेगळाच दिसतो आणि कुठे खडी आहे ते चढताना पाहून ठेवलेलं असतं. तिसरा प्रकार म्हणजे वाहून गेलेला, खचलेला किंवा बंद केलेला रस्ता. तोही रिकामाच असतो.

आणि नाव झालेले रूट टाळा. ब्यालाख ना बा ज्या वाटेवर येतो तिचं २०१५मध्ये 'नॉर्थ कोस्ट ५००' असं नामकरण झालं, आणि आता उन्हाळ्यात त्या एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्यावर मोटारघरांच्या रांगा असतात. स्टेल्व्हिओ तर वर्षातून मोजके दिवस मोटारींना बंद ठेवतात, तेव्हा कुठे सायकलवाल्यांना श्वास मिळतो. म्हणूनच मी तुम्हाला तयार रूटची यादी देत नाही.

आता ती गोष्ट अर्धी सांगून सोडली तर तो मित्र हे वाचून मला धरेल. वर पोचल्यावर मी त्याची वाट पाहिली नाही. पलीकडच्या उताराला लागलो, तोही तितकाच उभा. वळणं आंधळी, म्हणून ब्रेक सतत थोडे दाबूनच ठेवले. माझे रिम ब्रेक, म्हणजे चाकाची धातूची कड दाबून धरणारे. दोनेक किलोमीटरवर मागून बंदुकीसारखा आवाज आला आणि मागचं चाक लटपटलं. थांबून रिमला बोट लावलं तर चटका बसला. तापून आतली प्लॅस्टिकची पट्टी सरकली होती आणि ट्यूब स्पोकच्या भोकावर फुटली होती. ट्यूब होती, पट्टी चिकटपट्टीने जुळवली, पण पंप सकाळी घाईत घरीच राहिलेला. मोबाईलला रेंज नाही. पाऊण तास मी दगडावर बसून होतो. बुटांची टकटक आली नाही, पॅडल न मारता फिरणाऱ्या मागच्या चाकाची, फ्रीव्हीलची टिकटिक आली. त्याने काही न बोलता पंप काढून दिला. मी हवा भरत असताना एवढंच म्हणाला, "गिरणी तापली वाटतं."

उतारावर ब्रेक दाबून ठेवायचे नसतात. सरळ तुकड्यात, वळणाच्या आधी, जोरात दाबायचे आणि सोडायचे, म्हणजे रिमला थंड व्हायला वेळ मिळतो. मला हे माहीत होतं, तेव्हाही.

बाकी नेहमीचं तुम्हाला ठाऊक असेलच, तरी दोन गोष्टी. हजार मीटर वर गेलात की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, आणि घामाने भिजलेल्या अंगाने उतरताना त्याहून कितीतरी जास्त वाटते, तेव्हा वारा अडवणारं जाकीट खिशात हवंच. आणि मी वर रिकाम्या रस्त्यांचं एवढं गुणगान केलं, पण तिथे पडलात तर पुढची गाडी संध्याकाळी येईल. एकटे जाऊ नका. गेलातच तर कोणत्या वाटेने जाताय आणि किती वाजता खाली याल ते घरी सांगून जा. भर पावसात तर नकोच, दरडी विचारून येत नाहीत.

अजून एक. सायकल ढकलण्यात कमीपणा आहे असं माझं तेव्हा मत होतं, आता तितकंसं नाही. पण कॅसेटच्या बाबतीत मी एक पाऊलही मागे हटणार नाही. तुमच्या प्रश्नाखालच्या तपशिलात सायकलचं मॉडेल आहे, टायरची रुंदी आहे, बाटल्या किती तेही आहे, फक्त मागची सगळ्यात मोठी चकती किती दातांची ते नाही. ती तीसच्या खाली असेल तर आधी ती बदला, मग नकाशा उघडा.