'तुफान राडा' झाला, म्हणजे नक्की काय झालं?

टीव्हीवरच्या मराठी बातम्यांच्या भाषेबद्दल प्रश्न पाठवा असं म्हटलं आणि इनबॉक्स भरून गेला. निम्म्या जणांनी प्रश्न पाठवलेलाच नाही, नुसता राग पाठवलाय, तोही पोचला बरं का. त्यातले थोडे निवडून घेतलेत.

प्रश्न : रोज संध्याकाळी बातम्या लावते आणि पाच मिनिटांत बंद करते. तुफान राडा, टशन, धू धू धुतला, ही काय बातम्यांची भाषा आहे? आकाशवाणी पुण्यावर सुधा नरवणे, दूरदर्शनवर प्रदीप भिडे, अनंत भावे, काय वाचायचे ही माणसं! आता ह्या मुलांना कुणी शिकवतच नाही का? – निवृत्त शिक्षिका, सातारा

बाई, तुमचा राग रास्त आहे, पण मी चिडतो ती जागा जरा वेगळी आहे. राडा ह्या शब्दाशी माझं भांडण नाही. चांगला ठसकेबाज शब्द आहे, नाक्यावर, चाळीत, कॉलेजात सगळीकडे चालतो. माझं म्हणणं एवढंच की 'ग्रामसभेत तुफान राडा' ही पट्टी वीस मिनिटं बघूनसुद्धा मला कळत नाही की गाव कुठल्या तालुक्यातलं, भांडण कशावरून लागलं, कुणी कुणाला मारलं, कुणाला किती लागलं आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला की नाही. खुर्ची फेकल्याची तीच सात-आठ सेकंदांची क्लिप गोल गोल फिरत राहते आणि वर मागे ढोल वाजवल्यासारखं म्युझिक.

मग अँकर विचारणार, "काय सांगशील, कसं वातावरण आहे?" आणि रिपोर्टर सुरू होतो, "नक्कीच, या ठिकाणी आपण पाहू शकतो की कुठेतरी ग्रामस्थांमध्ये मोठ्या प्रमाणात नाराजी पाहायला मिळत आहे." आता ह्यातलं नक्कीच काढा, या ठिकाणी काढा, आपण पाहू शकतो काढा, कुठेतरी, मोठ्या प्रमाणात, पाहायला मिळत आहे हे सगळं काढा. उरलं काय, तर ग्रामस्थ नाराज आहेत. ते तर खुर्ची उडाली तेव्हाच कळलं होतं की!

हे का होतं ते सांगतो, म्हणजे त्या पोरांवरचा राग थोडा कमी होईल. तुम्ही ज्यांची नावं घेतलीत ते बातमीपत्र वाचायचे, म्हणजे ते आधी कुणीतरी लिहिलेलं असायचं, कुणीतरी तपासलेलं असायचं, आणि सगळा खेळ दहा-पंधरा मिनिटांचा. आता चोवीस तास भरायचेत. डेस्कवरून फोन येतो, लाईव्हला उभा राहा, आणि ह्याच्याकडे काय असतं तर व्हॉट्सॲपवर आलेली एक क्लिप आणि गावातल्या कुणाचा तरी एक फोन, बस. दोन मिनिटं बोलायचंय आणि माहिती वीस सेकंदांची आहे, मग कुठेतरी आणि पाहायला मिळत आहे हे शब्द टेकू म्हणून लावावेच लागतात, त्याशिवाय तो उभा राहूच शकत नाही. त्यात जिल्ह्यातल्या स्ट्रिंगरला बऱ्याचदा पगार नसतोच, बातमीमागे पैसे, त्याला शिकवणार कोण आणि कधी?

आणि बाई, एक सांगू का, रागावू नका. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हापासून कित्येक वर्षं ते सरकारी आणि एकटंच होतं. उच्चार सोन्यासारखे, वाक्यं स्वच्छ, पण त्या स्वच्छ वाक्यांत मंत्र्यांनी उद्घाटन केलं, पाहणी केली, समाधान व्यक्त केलं हेच जास्त असायचं. आणीबाणीतही उच्चार शुद्धच होते. तेव्हा नुसत्या शुद्ध भाषेने बातमी खरी आणि पुरी होते असं मी काही म्हणणार नाही.

प्रश्न : सर, मी नांदेडला पत्रकारिता करतोय. माझ्या बोलण्यात ण चा न होतो, 'पानी' येतं तोंडात, प्रॅक्टिकलला सगळे हसले. प्रमाण भाषा येत नसेल तर ह्या फील्डमध्ये येऊच नये का? – विद्यार्थी, नांदेड

ये की. बुलेटिन वाचायचं असेल तर ण शिकून घे, प्रॉम्प्टर वाचणं हे कसब आहे, गाडी चालवणं शिकतात तसं ते शिकता येतं, मोठ्याने वाचायची सवय ठेवली की जमतं. पण घरची बोली टाकून देऊ नकोस, कारण हिंगोलीच्या बांधावर उभा राहून म्हाताऱ्याशी त्याच्याच बोलीत बोललास तर तो तुला जे सांगेल ते मुंबईहून आलेल्या माईकवाल्याला कधीच सांगणार नाही. बोली वेगळी आणि गबाळेपणा वेगळा, आपल्याकडे लोक ह्या दोन्हीची सरमिसळ करतात आणि मार बोलीला बसतो. तुला हसणारेच उद्या कॅमेऱ्यासमोर 'पोलिसांनी त्यांची मदत केली' म्हणतील आणि तेव्हा कुणाला हसू येणार नाही, कारण हिंदीतून उचललेलं सगळं आता शहरी वाटायला लागलंय. तू 'त्यांना मदत केली' म्हण.

शुद्धलेखन मात्र पक्कं कर. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, सगळे मिळून अठराच आहेत, काही डोंगर नाहीये. तरी खालच्या पट्टीवर रोज जिवीतहानी, निवडणुक, आणी हे चालूच असतं.

प्रश्न : आम्ही शिरोळ तालुक्यातले, नदीकाठचे. पावसाळ्यात टीव्ही लावला की ढगफुटी, जलप्रलय, आभाळ फाटलं, आणि 'राधानगरीचे दरवाजे उघडले, कोल्हापूरकरांनो सावधान' असलं काहीतरी. मुंबई-पुण्यातून पाहुण्यांचे फोन सुरू होतात. आम्ही नेमकं किती घाबरायचं? – वाचक, जि. कोल्हापूर

ह्या अंकातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा, कारण इथे ढिसाळ शब्दाने नुसते कान दुखत नाहीत, जनावरं कधी सोडवायची ते चुकतं.

एकेक घेऊ. ढगफुटी कशाला म्हणायचं त्याचं माप आहे, लहानशा टापूत, साधारण वीस-तीस चौरस किलोमीटरवर, तासाभरात १०० मिलिमीटर किंवा जास्त पाऊस. असा पाऊस मोजायला त्या जागी यंत्र लागतं, ते नसतं, म्हणून मग आपल्या पत्रकार बंधूंनी एक अजब शब्द काढलाय, 'ढगफुटीसदृश'. म्हणजे ढगफुटी म्हणायची तर आहे पण जबाबदारी नको. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता, तो आकडाच एवढा होता की त्याला विशेषण लावायची गरज नव्हती.

हवामान खात्याची वर्गवारी साधी आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार, २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. आणि महसूल खात्याची अतिवृष्टी म्हणजे महसूल मंडळात, म्हणजे तालुक्यातल्या काही गावांच्या गटात, २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर. ह्या शब्दावर पुढे पंचनामे आणि नुकसानभरपाई अडकलेली असते, त्यामुळे अँकरने सहज 'अतिवृष्टी' म्हटलं आणि मंडळाच्या नोंदीत पन्नासच निघाला की शेतकरी तलाठ्याशी भांडत बसतो, अँकर मोकळा.

आता राधानगरी धरण. तिथले सातही दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरावीक पातळीला आलं की आपोआप उघडतात, कुणी बटण दाबून कोल्हापूर बुडवायला बसलेलं नाही. एका दरवाजातून सुमारे १४२८ क्युसेक पाणी जातं. त्यामुळे 'दरवाजे उघडले' ही अर्धी बातमी झाली, किती उघडले हे पाहिजे, एक आणि सात ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि क्युसेक हा वेग आहे हो, सेकंदाला एक घनफूट म्हणजे २८ लिटरच्या आसपास. 'दहा हजार क्युसेक पाणी सोडलं' असं म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं एक भलीमोठी टाकी ओतली आणि संपलं. खरं तर तेवढं दर सेकंदाला येतंय आणि येत राहणारंय, म्हणून किती वाजल्यापासून आणि पुढे वाढणार का, हे सांगायला हवं. त्यात कुणी क्युमेक म्हणून गेलं तर झालंच, एक क्युमेक म्हणजे पस्तीस क्युसेक.

तुम्ही काय बघायचं? राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी. तिथे इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलेल्या तुमच्यासारख्यांना हे आकडे पाठ असतील, मुंबईच्या डेस्कला नसतात. पातळी तासाला किती इंचांनी चढतेय हे ज्या बातमीत आहे ती बघा, बाकी जलप्रलय वगैरे म्यूट करा. पाहुण्यांनाही फोनवर हाच आकडा सांगा.

प्रश्न : गुन्ह्याच्या बातम्यांत अटक झाली की लगेच 'नराधम', आणि आंतरजातीय लग्नातून खून झाला की एका गाजलेल्या सिनेमाचं नाव घेऊन 'पुन्हा एकदा अमुक'. ह्याची तक्रार कुठे करायची? – वकील, नाशिक

सिनेमाचं नाव देण्याचा प्रकार मला सगळ्यात घाणेरडा वाटतो. कुणाच्या तरी मुलीला तिच्याच भावाने मारलेलं असतं आणि आपण त्याला पोस्टर लावून मोकळे. जात, धमक्या, आधी पोलिसांकडे गेले होते का, ते सगळं त्या एका शब्दाखाली गाडलं जातं. नराधमाचं तेच. संशयित, आरोपी, दोषी हे तीन वेगळे टप्पे आहेत, ताब्यात घेणं आणि अटक ह्यातही फरक आहे, तुम्हाला मी काय सांगणार.

तक्रारीचं असं आहे. २०२१ मध्ये केबल टेलिव्हिजनचे नियम बदलले, तेव्हापासून तीन टप्पे आहेत. आधी चॅनेलकडेच लेखी द्यायची, त्यांनी १५ दिवसांत निर्णय कळवायचा. नाही पटला तर ते ज्या स्वनियमन संस्थेत आहेत तिकडे अपील, बऱ्याच न्यूज चॅनेलांसाठी ती एनबीडीएसए, आणि त्याच्यावर केंद्र सरकारची समिती. तारीख, वेळ, कार्यक्रमाचं नाव आणि क्लिप जपून ठेवा, त्याशिवाय पुढे काही सरकत नाही. प्रेस कौन्सिलला पाठवू नका, त्यांचं काम छापील पेपरांपुरतं. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड केली असेल तर तो सरळ गुन्हाच आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, तिथे वाट बघत बसू नका. ऱ्हस्व-दीर्घाची तक्रार मात्र ह्यातलं कुणीही घेणार नाही, तिच्यासाठी आमचा इनबॉक्स आहे.

प्रश्न : ट्रॅफिक, अपडेट, लाईव्ह हे इंग्रजी शब्द बातम्यांतून हद्दपार करायला नकोत का? – वाचक, ठाणे

नको. घोडबंदरला अडकलेला माणूस घरी फोन करून ट्रॅफिकमध्ये आहे असंच सांगतो, ते सगळ्यांना कळतं. 'ब्रेकिंग' लिहून काल दुपारची बातमी दाखवतात त्याचे नमुने असतील तर तेवढे पाठवा, तारीख-वेळेसकट.