‘आई, मी तुमच्यावर प्रेम करते’ – आता सुनेला काय उत्तर देऊ?

प्रश्न : माझा मुलगा ५ वर्षं जर्मनीत स्टुटगार्टला आहे, मागच्या वर्षी तिथल्याच मुलीशी लग्न केलं. पोरगी गोड आहे, मोबाईलवर मराठी शिकतेय. परवा रविवारी व्हिडिओ कॉल संपताना एकदम म्हणाली, "आई, मी तुमच्यावर प्रेम करते." मला काही सुचेचना हो, मी आपलं "हो हो, जेवलीस का" म्हणून फोन ह्यांच्याकडे दिला. तिचा चेहरा पडला असं वाटलं, तेव्हापासून चैन नाही. आमच्या घरात हे वाक्य कुणी कुणाला म्हटलेलंच नाही, ३५ वर्षांत ह्यांनीही नाही. मराठीत प्रेम बोलायची सोयच नाही का?
– एक सासू, कोथरूड

उत्तर : ताई, मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले, त्यामुळे तुमचं पत्र वाचल्या वाचल्या वाटलं की सुनेच्या मनात दुसरंच वाक्य असणार. जर्मनमध्ये दोन आहेत. ‘इश लीबं दिश’ हे जास्त करून नवराबायकोचं, जड वाक्य. आणि ‘इश हाब दिश लीब’ हे आईबाबा, भावंडं, जिवाभावाच्या मैत्रिणी यांना म्हणायचं, त्यात माया असते. मराठीत आणताना दोन्हीचं ‘प्रेम करते’ होऊन बसतं आणि तुम्ही बिचकता, त्यात तुमची काहीच चूक नाही.

कारण आपण मराठीत प्रेम फारसं ‘करत’ नाही. आपल्याकडे जीव लागतो, लळा लागतो, माया जडते, म्हणजे ते आपोआप होतं, आणि झालं की मग आपण ‘पोचलीस की फोन कर’ म्हणतो. सोय भरपूर आहे ताई, फक्त ती वेगळ्या क्रियापदात आहे. आणि हे सगळीकडेच असतं. स्पॅनिशमध्ये ‘ते कियेरो’ म्हणतात, त्यातल्या क्रियापदाचा मूळ अर्थ ‘हवं असणं’, तरी ते आईलाही म्हणतात आणि मित्रालाही. फ्रेंचमध्ये ‘ज तेम’ म्हणजे प्रेम, पण त्याला ‘बियँ’ म्हणजे ‘चांगलं’ जोडलं की प्रेम वाढत नाही, उलट उतरून नुसतं ‘बरी आवडतेस’ एवढंच उरतं! इराणी माणसं तर लाडक्या पोराला ‘जिगरेतो बोखोरम’ म्हणतात, तुझं काळीज खाऊन टाकीन, आणि सीरिया-लेबनॉनकडे ‘तूबुर्नी’, म्हणजे मला तू मातीत पुरावंस, तुझ्याआधी मी जावं, तुझ्याशिवाय जगायची वेळ यायला नको. हे शब्दशः भाषांतर करून ऐकवलं तर कुणीही घाबरेल, पण आपली आजी नातवावरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडते तेव्हा ती तरी काय वेगळं म्हणत असते.

तर येत्या रविवारी ती काही बोलायच्या आधी तुम्हीच बोला, "माझा फार जीव आहे गं तुझ्यावर." आणि तिला हेही सांगा की परवाचं ‘जेवलीस का’ हे माझं उत्तरच होतं, आमच्याकडे असंच म्हणतात. तिला ते कळायला मार्ग नव्हता ना. जमलं तर ‘इश हाब दिश लीब’ पाठ करा, ‘इश’ मधला श थोडा ह सारखा हलका सोडायचा, मुलगा शिकवेल. पोरगी रडेल बघा.

ह्यांचं म्हणाल तर न बोलण्यालाच प्रेम म्हणायचं असं मी सांगणार नाही. तुम्ही लग्नात चारचौघांत उखाणा घेऊन त्यांचं नाव घेतलंत, आता त्यांची पाळी. ऐकावंसं वाटतंय तर सरळ मागा.

प्रश्न : मी जपानी शिकतोय, क्लासमधली एक मुलगी आवडते. तिला ‘आइशितेरु’, म्हणजे ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’, असं म्हणू का?
– विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : नको रे बाबा. तो शब्द फार जड आहे, जपानी नवराबायकोसुद्धा क्वचितच वापरतात. तिकडे पहिल्यांदा मनातलं सांगायचं तर ‘सुकी देस’ म्हणतात, म्हणजे ‘आवडतेस’, आणि पुढे ‘त्सुकिआत्ते कुदासाई’, म्हणजे माझ्याबरोबर फिरायला येशील का, आपण जोडी जमवू या, या अर्थी. या कबुलीला ‘कोकुहाकु’ असा खास शब्दच आहे. गंमत म्हणजे रचना अगदी आपल्यासारखी, ‘मला तू आवडतेस’ मध्ये जसा कर्ता ‘तू’ असतो तसंच जपानीत ज्याच्यावर जीव आहे त्याला ‘गा’ हा प्रत्यय लागतो, कर्त्याला लागतो तोच. पण ती मुलगी मराठी असेल तर जपानीमागे लपू नकोस, क्लास सुटल्यावर शांतपणे मराठीतच विचार, आणि नाही म्हणाली तर तिथेच थांब.