आयबीसी शिकताना आधी तारीख लिही

चि. वकीलबाईंस,
अनेक आशीर्वाद.

कंपन्यांच्या दिवाळखोरीचं काम करायचं तर कोणता कोर्स करू, असं तू विचारलंस. कोर्स जरूर कर, पण त्यावर विसंबू नकोस. आपल्याकडे सनद मिळाल्यावर वकिलाला दरवर्षी अमुक तास शिकण्याची सक्ती नाही, त्यामुळे ही शिस्त स्वतःच लावून घ्यावी लागते. आयबीसीत, म्हणजे नादारी व दिवाळखोरी संहितेत, ती नाही लावली, तर दोन वर्षांपूर्वीचं ज्ञान आज पक्षकाराचं नुकसान करतं.

माझा आग्रह एकाच सवयीचा आहे. या कायद्यातलं कुठलंही वाक्य वहीत लिहिताना शेजारी तारीख लिही: ते केव्हापासून लागू झालं आणि कोणत्या व्यवहारांना लागू आहे. संहिता २०१६ ची, पण कंपन्यांच्या नादारीच्या तरतुदी १ डिसेंबर २०१६ ला अमलात आल्या आणि कंपनीच्या कर्जाला व्यक्तिगत जामीन राहिलेल्यांसाठीच्या तरतुदी पुढे तीन वर्षांनी, १ डिसेंबर २०१९ ला. कंपनीविरुद्ध अर्ज करायला लागणाऱ्या किमान थकबाकीची मर्यादा आधी एक लाख रुपये होती, २४ मार्च २०२० ला ती एक कोटी झाली. तारखेविना यातलं काहीही पाठ केलंस तर ते अर्धवटच राहील.

हे कसं अंगावर येतं ते एका हिशेबातून बघ. समज, भोसरीचा एक पुरवठादार तुझ्याकडे दोन थकलेली बिलं घेऊन आला. पहिलं ५ फेब्रुवारी २०२० चं, सत्तर लाखांचं. दुसरं १२ मार्च २०२० चं, साठ लाखांचं. पैसे पंचेचाळीस दिवसांत द्यायचे होते. बेरीज एक कोटी तीस लाख, म्हणजे मर्यादेच्या वर, म्हणून कलम ९ चा, म्हणजे माल पुरवणाऱ्याने करायचा दिवाळखोरीचा, अर्ज करावा असं वाटेल. आता तारखा मांड. पहिल्या बिलाचे पैसे २१ मार्च २०२० पर्यंत यायला हवे होते, दुसऱ्याचे २६ एप्रिलपर्यंत. कलम १०अ प्रमाणे २५ मार्च २०२० पासूनच्या एका वर्षात झालेल्या थकबाकीसाठी असा अर्ज कधीच करता येत नाही. दुसरं बिल गेलं. उरले सत्तर लाख, आणि अर्ज २४ मार्चनंतर येत असल्यामुळे मर्यादा एक कोटीची. अर्ज पहिल्याच दिवशी पडणार. कर्ज बुडालं असं नव्हे, दिवाणी दाव्याची वाट वेगळी आहे. पण तिथेही मुदत आहेच.

मुदतीचा भाग तर नीट बसूनच शीक. कलम २३८अ मुळे मुदतीचा कायदा आयबीसीला लागतो, आणि अर्जासाठी थकबाकीपासून तीन वर्षं मिळतात. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मोजणीतून वगळला. म्हणजे पहिल्या बिलाची तीन वर्षं १ मार्च २०२२ पासून धरायची आणि फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस ती संपली. मधल्या काळात कंपनीने सहीनिशी कर्जकबुली दिली असेल किंवा लेखी नोंदीसह काही रक्कम चुकती केली असेल तर मुदत नव्याने सुरू होते.

अशी कबुली बॅलन्सशीटमध्येही सापडते, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये स्पष्ट केलं. म्हणून हिशेब वाचायला शीक. बॅलन्सशीट ३१ मार्चचं असलं तरी संचालकांची सही बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात होते, आणि नवी मुदत मोजायची ती सहीच्या तारखेपासून. आकडा बघून थांबू नकोस. खालच्या टिपा आणि ऑडिटरचा अहवाल वाच. तिथे ‘ही रक्कम कंपनीला मान्य नाही’ असं असेल तर कबुली डळमळीत होते. लहान पुरवठादाराचं नाव बऱ्याचदा वेगळं छापलेलंच नसतं, सगळी देणी एका आकड्यात असतात. अशा वेळी बाकी मान्य असल्याचं सहीचं पत्र जास्त कामाला येतं. ते पक्षकाराकडे आधी माग.

आठवड्याचं वाचन थोडं ठेव, पण अख्खं वाच. सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल, कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाचे दोन-तीन आदेश, आणि महिन्यातून एकदा रिझोल्यूशन प्लॅन, म्हणजे कंपनी वाचवण्याची योजना, मंजूर करणारा एक पूर्ण आदेश. या शेवटच्यात खरं शिक्षण आहे. त्यातला तक्ता काढ: कोणाचा किती दावा मान्य झाला, लिक्विडेशन मूल्य (कंपनी मोडीत काढून विकली तर येणारी रक्कम) किती, कोणाला किती मिळालं. मग पुस्तक मिटून कलम ५३ चा पैसे वाटण्याचा क्रम स्वतः लाव. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची चोवीस महिन्यांची देणी आणि तारण सोडून दिलेले धनको, हे दोघे एका पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचे बारा महिने. मग विनातारण कर्ज देणारे. आणि असं खाली भागधारकांपर्यंत. माल पुरवणाऱ्याला लिक्विडेशनमध्ये जेवढं मिळालं असतं त्याहून कमी प्लॅनमध्ये देता येत नाही. तुझं उत्तर आदेशाशी जुळलं नाही तर चूक शोध. पुष्कळदा भविष्य निर्वाह निधी मालमत्तेत धरलेला असतो. तो त्या मालमत्तेचा भागच नाही.

निकालाची नोंद करताना तो आज टिकून आहे का हेही बघ. भूषण पॉवर अँड स्टीलचंच घे. सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २०२५ च्या निकालाने मंजूर प्लॅन रद्द झाला, ३१ जुलैला तो निकाल मागे घेतला गेला, आणि २६ सप्टेंबरला प्लॅन कायम झाला. मे महिन्यात टिपण काढून ठेवलेल्या वकिलाने ऑक्टोबरात तेच वाचून दाखवलं तर काय होईल, विचार कर. विधेयकांचंही तसंच. १२ ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत आलेल्या दुरुस्ती विधेयकातलं कलम कोणी सांगितलं, तर आधी विचार: हे मंजूर झालं का, राजपत्रात आलं का, आणि हे कलम लागू करणारी अधिसूचना निघाली का. विनियमांची प्रत आयबीबीआय या दिवाळखोरीच्या नियामक मंडळाच्या संकेतस्थळावरूनच घे आणि ती कोणत्या तारखेपर्यंत सुधारलेली आहे ते पहिल्या पानावर लिही. व्याख्यानाला गेलीस तर तिथेही हेच विचारत जा.

अपिलाची मुदत मात्र आजच पक्की कर. तीस दिवस, आणि सबळ कारण असेल तर आणखी पंधरा. सेहेचाळिसाव्या दिवशी अपिलीय न्यायाधिकरणाला दया दाखवण्याचाही अधिकार नाही. आदेश उघड कोर्टात सांगितला तर दिवस तेव्हापासूनच मोजले जातात. फुकट मिळणाऱ्या प्रतीची वाट बघत बसलो होतो, हे कारण २०२१ पासून चालत नाही. म्हणून आदेश झाला त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाक आणि पोच फाइलला लाव. प्रत तयार होण्यात गेलेले दिवस वजा होतात, पण अर्ज तीस दिवसांच्या आत केला असेल तरच. कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाच्या आदेशावरचं अपील दिल्लीला जातं, तेव्हा तिथल्या वकिलाला कागद पोचायला लागणारे दिवसही धर.

इन्सॉल्व्हन्सी प्रोफेशनल, म्हणजे ही प्रक्रिया चालवणारा नोंदणीकृत तज्ज्ञ, होण्यासाठी वकिलाला सहसा दहा वर्षांचा अनुभव लागतो, त्यामुळे त्यासाठीची परीक्षा तुझ्यासाठी दूर आहे. तिचा अभ्यासक्रम मात्र आत्ताच उतरवून घे. कंपनी कायदा, हिशेब, मूल्यांकन यांत कुठे कच्ची आहेस ते त्यातून कळेल.

शनिवारी येशील तेव्हा हातातल्या एका फाइलची तारीखयादी करून आण. चार रकाने कर: बिलाची तारीख, पैसे द्यायची तारीख, शेवटची जमा, शेवटची लेखी कबुली. मालाबद्दल तक्रारीचा एखादा जुना ईमेल असेल तर त्याचीही तारीख घाल, कारण मागणीच्या नोटिशीआधीचा खरा वाद कलम ९ चा अर्ज पाडतो. बँकेचा उतारा सोबत असू दे. जमेच्या तारखा पक्षकाराच्या तोंडून घेऊ नकोस.